पुनर्नवा : कधीच न बनलेल्या रणगाड्याचं वजन

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘काल्पनिक सुधारित रणगाड्याचं १:३५ मॉडेल : इंजिन, तोफ, चिलखत आणि रंगकाम’. चार भाग, पंचेचाळीस मिनिटं. बायकोनं निघतानाच विचारलं, यातला पहिला तरी पुरा होणार का? त्यामुळं तुमच्यापेक्षा मलाच जास्त उत्सुकता आहे.

रणगाडा सेंच्युरियन. इथं बसलेल्यांना त्याची ओळख करून द्यायची म्हणजे पुणेकराला तुळशीबाग दाखवण्यासारखं. तरी मागं दोघांची मुलं आली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. ब्रिटिशांनी हा दुसऱ्या महायुद्धासाठी बांधला. पहिले सहा नमुने मे १९४५ मध्ये बेल्जियममध्ये उतरले, तोवर तिकडची लढाई संपली होती. लग्नघटिका टळल्यावर पोचलेला करवला! पण हाच करवला पुढं अर्धं जग फिरला. १९६५ मध्ये फिलोराला लेफ्टनंट कर्नल तारापोर याच रणगाड्यात होते, मूळचे मुंबईचे. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच्यातच होते. जन्म पुण्याचा, वय एकवीस. दोघंही पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. खेत्रपालांचा रणगाडा ‘फामागुस्ता’ नगरला, म्हणजे आता अहिल्यानगर, तिथं आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन केलेला आहे. नगरचं टँक म्युझियम ज्यांनी अजून पाहिलं नसेल त्यांनी आज रात्री झोपू नये, सकाळी पहिली एसटी पकडावी.

तर पुढं आपण सेंच्युरियन काढून टाकले. काही मध्यस्थांच्या हातून फिरत दक्षिण आफ्रिकेत पोचले आणि तिथं ‘ऑलिफंट’ झाले. इस्रायलनं स्वतःच्या सेंच्युरियनचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं, १०५ मिलिमीटरची तोफ लावली आणि त्याला ‘शोत काल’ केलं. माझ्या डोक्यात किडा शिरला तो इथं. समजा आपण ते काढलेच नसते, चेन्नईजवळ आवडी इथल्या रणगाडा कारखान्यात परत नेऊन ठाकठीक केले असते, तर? या रणगाड्याला मी नाव दिलं ‘पुनर्नवा’. नाव बायकोचं. ती त्याच नावाच्या गोळ्या घेते, सूज उतरायला. माझं मॉडेल बघून म्हणाली, यालाही दे दोन, फार सुजलाय.

आणि खरंच सुजला होता. तीच गोष्ट सांगायला आज आलोय.

त्याआधी एक तक्रार, दोनच मिनिटं. एका स्पर्धेत माझं हे मॉडेल ‘काल्पनिक’ गटात ठेवलं. डावीकडं तीन डोळ्यांचा सरडा, उजवीकडं अंतराळयान. मी संयोजकांना म्हटलं, अहो, याची तोफ खरी, इंजिन खरं, चिलखत खरं, फक्त तिघांचं लग्न काल्पनिक आहे. ते म्हणाले, काका, मग ‘लग्न’ असा गट आमच्याकडं नाही. नंबर सरड्याला गेला. सरडा चांगला होता, ते नाकारत नाही.

तर ती गोष्ट. एका शाळेच्या हॉलमध्ये आपलं प्रदर्शन होतं. पुनर्नवाची पहिली आवृत्ती मी मोठ्या दिमाखात मांडलेली. स्फोटक विटांचं चिलखत, शत्रूचा मारा आला की वीट बाहेरच फुटून त्याचा जोर मोडते ते, म्हणजे इस्रायलचं ‘ब्लेझर’ जे १९८२ मध्ये लेबनॉनच्या युद्धात प्रथम दिसलं, त्या धर्तीच्या विटा मी पुढून, बाजूनं, टरेटवर म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, जागा मिळेल तिथं चिकटवल्या होत्या. प्लॅस्टिक कार्डाच्या एकशे चाळीस विटा, प्रत्येक हातानं कापलेली, प्रत्येकीच्या कडा कानशीनं मारलेल्या. लोक म्हणत होते, वा, काय दिसतंय! एक गृहस्थ मात्र काहीच बोलेनात. पांढरा लेंगा, खांद्याला शबनम, सत्तरीच्या पुढचे. पंधरा मिनिटं वाकून बघत राहिले. मग चष्मा काढला आणि म्हणाले, “साहेब, ह्यातल्या ड्रायव्हरला कोंडून मारायचं ठरवलंय का?”

मी म्हटलं, म्हणजे?

ते साताऱ्याकडचे, ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेतून, हवालदार म्हणून निवृत्त. उभी नोकरी बंद पडलेली गाडी ओढून आणून चालू करण्यात गेलेली. त्यांनी करंगळी पुढं केली. सेंच्युरियनचा ड्रायव्हर पुढं उजवीकडं बसतो. त्याच्या डोक्यावर दोन पल्ल्यांचं झाकण असतं, खिडकीसारखं, एक पल्ला इकडं उघडतो, एक तिकडं. आणि मी नेमक्या त्या पल्ल्यांच्या वाटेत तीन-तीन विटा लावलेल्या. उघडायला जागाच नाही. हवालदारसाहेब म्हणाले, “वरनं तोफ जर अशी आडवी राहिली तर तसंबी बाहेर पडायला अवघड. त्यात तुम्ही भिंत बांधली.”

मग माणूस सुटला. मागं आले. इंजिनावरच्या पत्र्यावर मी सामानाची मोठी जाळी वेल्ड केली होती, अर्थात मॉडेलमध्ये. “इंजिन काढायचं झालं तर?” मी गप्प. “आमी रात्री पावसात टॉर्च तोंडात धरून झाकणं उचललीत साहेब. ही जाळी पहिली कुणीतरी शिव्या देऊन कापली असती.” मग खाली वाकून चाकं बघितली. “एवढ्या विटा वर, आणि खाली गाडी इंचभर बसली नाही? विटा थर्माकोलच्या काय?” शेवटचा प्रश्न त्यांनी एकदम मऊ आवाजात विचारला. “चहाचं ठेवलंय का?” ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, सेंच्युरियनपासून ब्रिटिशांनी रणगाड्यात पाणी उकळायचं विजेचं भांडं बसवायला सुरुवात केली. गोरा माणूस चहासाठी बाहेर पडला की मरतो, हे ते युद्धात शिकले होते. मी म्हटलं, टरेटच्या आतलं काहीच केलेलं नाही. ते म्हणाले, “मग ठीक. आत असंल म्हणा.”

घरी आलो आणि त्या रात्री चिमट्यानं विटा उपटायला बसलो. पन्नासएक निघाल्या. चार ठिकाणी प्लॅस्टिकसकट निघाल्या.

मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं. तिथं ड्रॉइंगवर काहीही रेघ मारली की साहेब एकच विचारायचे, हे खोलायचं कसं? आणि हेच मी हवालदारसाहेबांकडून परत ऐकलं, तेही खेळणं म्हणतात अशा वस्तूबद्दल. माझं म्हणणं एवढंच आहे की जी वस्तू कधी बनलीच नाही तिला सूट नाही. खऱ्या सेंच्युरियनच्या मॉडेलमध्ये चुकलात तर फोटो दाखवून कुणीही तुम्हाला पकडेल. काल्पनिकात पकडणारा कुणी नाही, म्हणून तिथं उलट जास्त हिशेब ठेवावा लागतो. एक वीट लावली की कुठंतरी स्प्रिंग दबलीच पाहिजे. इंजिन बदललं की धूर दुसरीकडून निघालाच पाहिजे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बायकोचं बरोबर होतं. (हशा)

एक आडगोष्ट मात्र सांगूनच टाकतो, कारण ती मला फार आवडते. १:३५ हे प्रमाण कुठून आलं? कुणी तज्ज्ञांची समिती बसली नव्हती. तामिया या जपानी मॉडेल कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर, म्हणजे जर्मन रणगाड्याचं मॉडेल, काढला. आत बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून त्या मापाचा केला. नंतर मोजलं तर साधारण पस्तिसावा हिस्सा निघाला. आज सगळं जग ज्या प्रमाणात मॉडेलं करतं ते बॅटरीच्या मापावरून आलेलं आहे! तेव्हा माझ्या हॉलमधल्या कपाटाचं माप चुकलं म्हणून मला बोलू नये, हे घरी कुणीतरी सांगा.

आता पटापट.

इंजिन. मूळचं रोल्स-रॉइस मिटिओर, पेट्रोलचं, ६५० अश्वशक्ती. तहान मोठी आणि पेट पटकन घेणारं. माझ्या पुनर्नवात टी-७२ या रशियन रणगाड्याचं डिझेल, ७८० अश्वशक्ती. हे हवेतलं नाही, आपल्या विजयंता रणगाड्याच्या सुधारणेत तो विचार झालेला आहे. मागचा डेक, म्हणजे इंजिनावरचा पत्रा, मी दोन मिलिमीटर उचलला, खऱ्यात सात सेंटिमीटर. सेंच्युरियनचे सायलेन्सर दोन्ही फेंडरवर, म्हणजे पट्ट्यांवरच्या पत्र्यांवर, असतात. टी-७२ चा धूर डाव्या कुशीतून निघतो. म्हणून उजवा सायलेन्सर काढून तिथं सामानाची पेटी बसवली, आणि डाव्या बाजूच्या मागच्या पत्र्यावरच काजळी धरली. जाळी गेली. झाकणांना उचलायच्या कड्या केल्या, निरांजनाच्या ज्योतीवर ताणलेल्या स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला जोडलेले येतात तिच्या. ताणताना श्वास रोखायचा, नाहीतर तार नव्हे शेवई येते.

तोफ. विजयंताचीच १०५ मिलिमीटर एल-७. मुळात ती जुन्या २० पौंडी तोफेच्या जागेत बसावी म्हणूनच केली, त्यामुळं टरेट फोडावा लागत नाही. पण नळीच्या मधला तो फुगीर भाग, धूर ओढून घेणारा, नीट बघा. नंतरच्या २० पौंडीवर तो नळीभोवती सारखा असतो. एल-७ वर तो वरच्या बाजूला सरकलेला असतो, खाली कमी, वर जास्त. निम्मे लोक इथं चुकतात. पितळी नळीला मी वरून पुट्टीचा थर देऊन खालून कानस मारली.

चिलखत. विटा नव्वद राहिल्या. ड्रायव्हरच्या पल्ल्यांचा घेर आधी कागद कापून आखला, मग विटा. आणि चाकं. सेंच्युरियनला दर बाजूला सहा चाकं, जोडी-जोडीनं तीन बोगींवर. पुढच्या बोगीचे दांडे कापून मी अर्धा मिलिमीटर वर चिकटवले, मागचे त्याहून कमी. खऱ्यात पुढं साधारण पावणेदोन सेंटिमीटर बसलाय. डोळ्याला दिसत नाही, पण शेजारी साधा सेंच्युरियन ठेवला की कळतं, हा दमलाय.

रंगकाम. वेळ संपली, तेव्हा एकच. खरी माती वापरू नका. अंगणातल्या मातीचा एक तृतीयांश मिलिमीटरचा कण या प्रमाणात एक सेंटिमीटरचा खडा होतो. खडू पॉलिश पेपरवर घासा, ती पूड घ्या. आणि सासवडची तांबडी छटा पंजाबच्या रणगाड्याला लावू नका. ही चूक मी केलेली आहे, फोटो दाखवणार नाही.

बाजूच्या टेबलावर पुनर्नवा ठेवलाय, चहा झाला की बघा. तोफेला धरून उचलू नका. ड्रायव्हरचे पल्ले उघडतात, दोन्ही, नखानं हळू उघडा. डावा जरा अडतो, एक वीट अजून थोडी जवळ आहे.