मनगटातला काजू

तळहातावरचा हा काजू पाहा. साधारण एवढंच, असंच किंचित वाकलेलं एक हाड आपल्या मनगटात असतं. तिथल्या 8 छोट्या हाडांपैकी हे स्कॅफॉइड. नाव ग्रीक, अर्थ होडीसारखं.

पावसात दुचाकी घसरते, माणूस हात टेकतो आणि अंगाचा भार या हाडावर येतो. मनगट वाकडं दिसत नाही, सूजही बेताचीच. ‘मुरगळलंय’ म्हणत घरात तेल लावून चोळणं सुरू होतं. ते कृपा करून नको. अंगठा ताणून वर उचला. त्याच्या मुळाशी दोन शिरांमध्ये खळगा पडतो. तिथं दाबल्यावर कळ आली, तर पहिला एक्स-रे चांगला आला तरी निर्धास्त राहू नका. ताजा तडा त्यात पुष्कळदा दिसतच नाही. मग हात प्लास्टरमध्ये ठेवून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, नाहीतर एमआरआय करतात.

एवढी काळजी कशासाठी? या हाडाला रक्त उलट्या वाटेनं मिळतं. बहुतेक रक्त अंगठ्याकडच्या बाजूनं आत शिरतं आणि मागे, कोपराच्या दिशेनं जातं. हाड मधोमध मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो. कधी तो मरतोच. तुकडे जुळले नाहीत, तर काही वर्षांत मनगट झिजू लागतं.

ऑस्ट्रेलियातले सर्जन टिमथी हर्बर्ट यांनी यासाठी वेगळाच स्क्रू घडवला. 1984 मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. या स्क्रूला डोकं नाही. आटे दोन्ही टोकांना, पण पुढचे विरळ, मागचे दाट. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात पुढचं टोक जास्त सरकतं आणि दोन्ही तुकडे एकमेकांकडे घट्ट ओढले जातात. स्क्रू पूर्ण हाडात बुडतो, सांध्याला खुपत नाही. आता सी-आर्मच्या, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर पाहत आधी बारीक तार घालतात आणि तिच्यावरून पोकळ स्क्रू. न जुळलेल्या जुन्या हाडात मात्र बहुधा कमरेच्या किंवा मनगटाजवळच्या हाडाचा तुकडा भरावा लागतो.

बोटांचं दुखणं आणखी नाजूक. कबड्डीत मधला सांधा निखळतो, कुणीतरी मैदानावरच ओढून बसवतं, खेळ पुढं चालू. आत सांध्याच्या कडेचा चुरा झाला असेल, तर बोट पुन्हा निसटतं. अशा वेळी त्याच हाताच्या मनगटातल्या हॅमेट हाडाचा तुकडा काढून तिथं बसवता येतो. त्याचा घाट विलक्षण जुळतो.

टाके निघाले तरी काम अर्धंच झालेलं असतं, कारण बोटांचे सांधे फार लवकर आखडतात. मूठ वळताना बोटाचं टोक तळव्यापासून किती दूर राहतं, ते थेरपिस्ट पट्टीनं मोजतात. आज 3 सेंटिमीटर. पुढच्या आठवड्यात 2.