खुर्ची भिंतीला लावा

(समाजभवनाचा हॉल. खुर्च्या ओढल्याचा आवाज.)

मे महिन्यातलं नागपूर. मानेवाडा रोडच्या आतल्या बाजूला एक समाजभवन आहे. वर पत्रा, खाली गुळगुळीत टाइल्स. साडेपाच वाजून गेलेत. आठच्या सुमारास हा पत्रा तापायला लागतो, म्हणून उन्हाळ्यात इथला वयस्कर, आजारी आणि दिव्यांग माणसांचा योगवर्ग उजाडतानाच सुरू होतो.

खुर्च्या मंडपवाल्याकडून आणलेल्या. लोखंडी, घडीच्या, बिनहाताच्या. प्लास्टिकची खुर्ची वजन टाकलं की टाइल्सवर घसरते, ती इथे चालत नाही. लोखंडी खुर्ची मिटायची भीती, म्हणून वर्ग घेणाऱ्या ताई प्रत्येक खुर्चीवर आधी स्वतः बसून घेतात. थोडं पुढे झुकून, थोडं मागे रेलून. मग मागचे दोन पाय भिंतीला. पुढच्या पायांखाली जुन्या मॅटचे कापलेले तुकडे. एखादी खुर्ची चार बोटं पुढे राहिली तर गुडघ्याने ढकलून पुन्हा भिंतीला. आमच्या माहितीपटातलं हे दृश्य लांबलंय, कल्पना आहे. पण इथलं अर्धं शिकवणं विद्यार्थी यायच्या आधीच होऊन जातं, ते कापायचं कसं?

(वहीचं पान, जवळून.)

ही शंभर पानी वही. फी कोणी भरली, कोणाची राहिली, ते हिच्यात नाही. रकाने आहेत ते असे: बीपी, साखर, गुडघे, मणका, डोळे, ऑपरेशन. शेवटचा रकाना सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा. विदर्भात तो लागतोच.

डोळ्यांच्या रकान्यात खाडाखोड दिसते. "डोळ्याचं ऑपरेशन झालं" एवढ्यावर भागत नाही. मोतीबिंदू की काचबिंदू, हे खोदून विचारावं लागतं. मोतीबिंदू काढून बरेच महिने झाले आणि डॉक्टरांनी मोकळं केलं, तर वाकायला हरकत नसते. काचबिंदू असेल तर डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काहीच नको, डोळ्यातला दाब वाढतो. बीपी जास्त असेल तर श्वास रोखून धरायचा नाही, कपालभाती तर नाहीच. हाडं ठिसूळ झालेल्या आजींना पाठीला बाक आणून पुढे वाकवायचं नाही, मणका दबून मोडू शकतो.

ताई योगशिक्षिका आहेत, डॉक्टर नाहीत. हे त्या स्वतःच दर नव्या माणसाला सांगतात आणि मग फाइल मागतात.

(ताडासन. पूर्ण वर्ग.)

बऱ्याच वर्गांत आधी पूर्ण आसन दाखवतात आणि मग म्हणतात, ज्यांना जमत नसेल त्यांनी बसून राहा. ते बसून राहणारे काही दिवसांनी येईनासे होतात. या वर्गात क्रम उलटा आहे. सगळे खुर्चीपासून सुरू करतात. आजीला स्कूटरवर सोडायला येणारा, पोलीस भरतीची तयारी करणारा धडधाकट नातूसुद्धा. तळवे जमिनीला, पाठ खुर्चीपासून सुटी, श्वास घेत हात वर. इथे थांबायचं तो थांबतो, त्याचं ताडासन झालं. पुढे जायचं तो खुर्चीची पाठ धरून उभा राहतो. त्याही पुढचा टाचा उचलतो. ताई प्रत्येक टप्प्याला "झालं" म्हणतात आणि मगच पुढची सूचना देतात.

डावीकडे भिंतीजवळ काका आहेत. लकव्यातून उठलेले, डावा हात अजून ऐकत नाही. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून ते उजव्याने डावा उचलतात. हात खांद्याच्या उंचीला आले की ताईंचा आवाज येतो, "बस काका, इथंच." लकव्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात, सांधा खोबणीतून सरकू शकतो. जोशात हात वर ओढला की दुखणं मागे लागतं. काका हट्टी आहेत, अजून थोडं वर नेऊन बघतात. ताई काही न बोलता स्वतःचा तळहात त्यांच्या मनगटांच्या वर आडवा धरतात. काका हसतात, थांबतात.

शेजारी डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा. याच्या बाबतीत सगळं उलट. त्याचे सांधे इतके सैल की पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढे वाकताना, कपाळ सहज गुडघ्यांना लागतं आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. ताई नाही वाजवत. अशा मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर पक्के बसलेले नसू शकतात. म्हणून सर्वांगासन, हलासन, कोलांटी, मानेवर भार येणारं सगळं बाद. त्याला शिकवायचं ते थांबायला. कोपरं थोडी वाकलेली ठेव, गुडघा मागे ताणू नकोस, दहा आकडे मोज. तो मोठ्याने मोजतो आणि सातनंतर नऊ म्हणतो.

(दुपट्टा, पायाचा तळवा.)

नागपूरकराला दुपट्टा म्हणजे काय ते सांगायला नको. डोकं-कान बांधल्याशिवाय इथे मे महिन्यात कोणी दुचाकी काढत नाही. तोच सुती दुपट्टा इथे पट्टा होतो. पाठीवर झोपायचं, तळव्याखालून दुपट्टा घ्यायचा, दोन्ही टोकं हातात, पाय सरळ करत वर. गुडघा बदललेल्या आजी वज्रासनाच्या वाटेला जात नाहीत, पण हे त्यांचं आवडतं. "माह्या पायाला झुला देऊन राहिली मी," असं त्या कॅमेऱ्याकडे बघून सांगतात.

पट्टा, विटा, खुर्ची, भिंतीवरचे दोर ही सगळी साधनं पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी रुळवली. लहानपणी ते स्वतः मलेरिया, टायफॉइड, क्षयाने खंगलेले. नागपूरची परंपरा वेगळी. जनार्दनस्वामींनी 1951 साली इथे योगाभ्यासी मंडळ सुरू केलं, ते आज रामनगरात आहे आणि तिथे योग विनामूल्य शिकवतात. त्यामुळे योगाला पैसे पडतात हे इथल्या जुन्या माणसांना पटतच नाही. ताईंच्या वर्गात दोन्ही घराण्यांचं पाणी आहे, एकाची साधनं, दुसऱ्याची सवय. आणि पतंजलींच्या योगसूत्रांतलं सूत्र आहेच, स्थिरसुखमासनम्, आसन स्थिर आणि सुखाचं असावं, दुसऱ्या पादातलं शेहेचाळिसावं. पाय किती वर गेला पाहिजे, ते त्यात लिहिलेलं नाही.

21 जूनला, योगदिनी, मैदानं भरतात, ड्रोन उडतात, सगळे हात एका कोनात. हा वर्ग वरून टिपला तर विस्कटलेला दिसेल. म्हणून आम्ही कॅमेरा खाली, खुर्चीच्या उंचीला ठेवला.

(कूलर. ताईंचा हात बटणावर.)

कूलर बंद झाला. उकाड्यात हे अन्यायाचं वाटतं, पण कानाला मशीन लावलेल्यांना कूलरच्या घरघरीत सूचना कळत नाही. सूचना देताना बंद, आसनात स्थिर झाल्यावर चालू. ताई हे इतक्या वेळा करतात की बटणावरचा रंग उडालाय.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना अजिबात ऐकू येत नाही. डोळे उघडे असेपर्यंत अडचण नसते, ताई त्यांच्या बरोबर समोर असतात. शवासनात डोळे मिटले की उठायचं कसं कळणार? दोघींनी आधीच ठरवून घेतलंय. ताई सतरंजीचा कोपरा हळूच दोनदा ओढतात. अंगाला हात नाही, दचकणं नाही.

पाण्याची बाटली जवळ घेऊन बसलेली ही मुलगी कॉलेजात आहे. तिला सिकलसेल आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत हा आजारही आला, पण तो बाहेरून दिसत नाही, म्हणून तिला जागोजागी समजावून सांगावं लागतं. शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, अतिश्रम झाले की वेदना उसळतात. तिच्यासाठी नियम एकच, दमायच्या आधी थांबायचं. ज्या दिवशी ती नुसती बसते, त्या दिवशीही हजेरी लागते.

(शीतली. चेहरे एकापाठोपाठ.)

उन्हाळ्यात शेवटी शीतली, थंडावा देणारा प्राणायाम. जिभेची पन्हळ करून तोंडाने श्वास आत, नाकाने बाहेर. आता गंमत बघा. आजींची जीभ झकास गुंडाळली जाते. काकांची जाते. पोलीस भरतीवाल्याची काही केल्या जात नाही! बऱ्याच लोकांना ते जमतच नाही, सराव करूनही. त्याच्यासाठी सीत्कारी आहे, दातांच्या फटीतून सी आवाज करत श्वास घ्यायचा. हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथात दोन्ही शेजारी शेजारी दिलेत. आजी नातवाला म्हणतात, "तू आपलं सोपंवालं कर बापा."

या वर्गाने काय झालं? काका आता बनियन स्वतः घालतात. आजी रात्री एकट्या उठतात. काहींनी मध्येच सोडलं. आधीचा हॉल पहिल्या मजल्यावर होता, लिफ्ट नव्हती.

(खुर्चीवर बसलेली शिकाऊ शिक्षिका.)

ताईंच्या हाताखाली एक मुलगी तयार होतेय. तिला एकच अट आहे, अख्खा वर्ग खुर्चीवरून न उठता घ्यायचा. करून दाखवायचं नाही, उठून कोणाचा पाय सरळ करायचा नाही, तोंडाने सांगायचं. ती सुरुवात करते, "आता पाय असा पुढे घ्या." दुसऱ्या रांगेतून, जन्मापासून न दिसणाऱ्या तरुणाचा आवाज येतो, "कोणता पाय, ते तर सांगा जी!" वर्ग हसतो. ती लाजते, पाणी पिते. "उजवा. टाच खुर्चीच्या पुढच्या पायाच्या रेषेत." तो बरोबर ठेवतो. सोमवारपासून संध्याकाळचा वर्ग तिच्याकडे आहे.