मुलाखतीतला 'मी'

श्रोतेहो, नमस्कार.

मी मुंबईत हिशेब खात्यात काम करते. गेली काही वर्षं नोकरीच्या मुलाखती घ्यायलाही बसते. आपली मराठी मुलं-मुली समोर येतात, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते आणि जीव तुटतो. तीच सांगायला आज आले आहे.

भांडुपहून एक मुलगी आली होती. बी.कॉम., तीन वर्षांचा अनुभव. विचारलं, "आधीच्या ठिकाणी काय काम करायचात?" म्हणाली, "आमच्याकडे जीएसटीचं काम असायचं मॅडम. आम्ही सगळे मिळून करायचो." आणि गप्प. शेजारच्या साहेबांनी तिचा बायोडेटा बाजूला सरकवलासुद्धा.

जीएसटीत दर महिन्याला 'टू-बी' येते, म्हणजे आपल्याला माल विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी. मी विचारलं, "महिन्याच्या १४ तारखेला टू-बी आली की काय करायचात?" तशी ती खुर्चीत सावरून बसली. "डाउनलोड करून खरेदी रजिस्टरशी एकेक बिल जुळवायचे. जे दिसत नाही, त्या पार्टीला फोन. कुणी आमचा जीएसटी नंबर चुकवलेला असायचा, कुणी रिटर्नच भरलेला नसायचा. टू-बीत बिल नाही तर क्रेडिट नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा मिळत नाही, म्हणून मागे लागावं लागायचं. मग २० तारखेच्या आत थ्री-बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न." बिलं किती? "दीडशे-पावणेदोनशे." कोण करायचं? जरा थांबून म्हणाली, "मीच."

साहेबांनी बायोडेटा पुन्हा पुढ्यात ओढला.

हा 'मीच' बाहेर यायला तिला इतका वेळ का लागला? स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये, हे आपल्याला घरात लहानपणापासून सांगितलेलं असतं. संस्कार चांगलाच आहे, तो सोडा असं मी म्हणणार नाही. पण 'मी फार मेहनती आहे' ही झाली फुशारकी, आणि 'दर महिन्याला दीडशे बिलं मी जुळवायचे' ही झाली माहिती. समोरच्याला माहितीच हवी असते. तुम्ही 'आम्ही, आम्ही' म्हणत राहिलात, तर त्यातलं तुमचं काम कुठलं हे त्याला कळणार कसं?

म्हणून आदल्या रात्री वही घ्या आणि कामाचा एक अख्खा दिवस लिहून काढा. काय केलं, किती केलं, कुठे अडलं, कसं सोडवलं. पहिलीच नोकरी असेल तरी घाबरू नका. गणपती मंडळाच्या वर्गणीचा हिशेब सांभाळला आहेत ना? किती पावतीपुस्तकं वाटली, किती परत आली, मंडपवाल्याचे पैसे कसे चुकते केले, हे नीट सांगता येणारा मुलगा मला तरी लक्षात राहतो.

मग तेच फोनवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज नकोसा वाटेल, तरी ऐका. किती भराभर बोलतो, वाक्याचा शेवट कसा गिळतो, ते तिथे कळतं. इंग्रजीत बोलायचं असेल तर छोटी वाक्यं करा, पाठ केलेला निबंध नको. पाठ केलेलं मध्येच तुटलं की माणूस पुरता कोलमडतो. अगदीच अडलं तर सरळ विचारा, "हे हिंदीत सांगू का?" पुष्कळ ठिकाणी हो म्हणतात.

आणखी एक खास आपल्या मुंबईची सवय. लोकलच्या गर्दीत आपण सॅक पुढे छातीशी धरतो. तशीच ती मुलाखतीच्या खुर्चीतही मांडीवर येते आणि दोन्ही हात तिला आवळून बसतात. बॅग खाली, खुर्चीजवळ ठेवा. हात मोकळे झाले की आवाजही मोकळा होतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात जायचं असेल, तर कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाची रांग लागते, तो वेळ धरूनच घर सोडा. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत घ्या.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतात, तेव्हा "नाही सर" म्हणून उठू नका. त्या भांडुपच्या मुलीने विचारलं होतं, "पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून कुठलं काम पुरं व्हायला हवं?" त्यावर साहेब दहा मिनिटं बोलत होते, आणि ती वहीत लिहून घेत होती.

नमस्कार.