'आत्ता' म्हणजे कधी?

(सांगलीत शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

ऑगस्ट २०१९ मध्ये तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर असा एक निरोप आला असेल : "कोयनेतून आत्ता विसर्ग वाढवला, पाणी सांगलीकडे निघालंय, सगळ्यांना कळवा." माझ्याकडे तो तीन दिवस येत होता, एक शब्दही न बदलता. यातला 'आत्ता' कुठल्या दिवसाचा? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सामान माळ्यावर चढवायचं की घर सोडायचं, हे लोक त्या एका शब्दावर ठरवत होते.

मी मराठीची शिक्षिका. संगणक खोलीची किल्ली माझ्याकडे आली, कारण ती दुसऱ्या कोणालाच नको होती. त्यामुळे संकेतस्थळांच्या 'फीड'मधून बातमीची वेळ कशी तपासायची, हे आज जे सांगणार आहे ते वर्गात चुकत चुकत कळलेलं आहे.

फीड म्हणजे काय, ते आधी उरकते. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची एक साधी यादी तयार ठेवतं : मथळा, दुवा, बहुधा दोन ओळींचा सारांश, प्रसिद्धीची तारीख आणि वेळ. आपल्याकडचं 'रीडर' नावाचं ॲप ठरावीक वेळाने तिथे जाऊन विचारतं, काही नवीन? असलं तर घेऊन येतं. याला आरएसएस म्हणतात. १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीने ते पहिल्यांदा आणलं. पॉडकास्ट आजही याच युक्तीवर चालतात. आपण पेपरवाल्याला सांगतो ना, हा टाक, तो नको, तसंच. तुम्ही काल क्रिकेटची बातमी जरा जास्त वेळ वाचली म्हणून हा पेपरवाला आज क्रिकेटचे चार पेपर टाकून जात नाही.

पहिल्या वर्षी मी हौसेने चाळीस स्रोत जोडले. सोमवारी खोली उघडली तर न वाचलेल्या नोंदींचा आकडा सहाशेच्या पुढे. मुलांच्या चेहऱ्यावर दिवाळीचा अभ्यास बघितल्यासारखे भाव! आता आम्ही सहावर थांबतो. बातम्यांचे तीन, त्यात बीबीसी मराठी. मराठी विकिपीडियाचे 'अलीकडील बदल'. नासाचं रोजचं छायाचित्र. आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाची, म्हणजे यूएसजीएसची भूकंपांची फीड. फीड कुठे मिळते असं विचाराल, तर वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या साधनावर चालणाऱ्या बहुतेक स्थळांच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहून बघा. निम्मं काम तिथेच होतं.

आता तो तास सांगते, ज्याच्यासाठी मी आज उभी आहे. पावसाळा होता, पाणी चढत होतं. आठवीच्या मुलांनी तीन ठिकाणचे मथळे फळ्यावर लिहिले. आयर्विनजवळची पातळी एकात ३८ फूट, दुसऱ्यात ३९, तिसऱ्यात साडेअडतीस. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ह्यातलं खोटं कुठलं ओ?" मी म्हटलं, वेळ बघा. रीडर सगळ्या वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे बदलून दाखवतो, म्हणून मी मुद्दाम फीडची मूळ, कच्ची फाईल उघडली. एका नोंदीत ०४:१० आणि पुढे जीएमटी, म्हणजे ग्रीनिचची वेळ; दुसरीत ०९:४० आणि पुढे +०५३०, म्हणजे तिच्या साडेपाच तास पुढची आपली वेळ. वर्ग दोन मिनिटं गप्प. मग एका मुलीने बोटांवर साडेपाच तास मोजले आणि ओरडली, "एकच वेळ हाय की ही!" भूगोलात रेखावृत्तं पाठ केलेल्या मुलांना ती त्या दिवशी पहिल्यांदा भेटली.

तरी कोडं सुटलं नव्हतं. एकाच क्षणी छापलेल्या दोन बातम्यांत फुटाचा फरक कसा? मुलांनी बातम्या आतून वाचल्या. एकीत पाणी सकाळी नऊला मोजलेलं, दुसरीत आदल्या संध्याकाळचा आकडा. फीडमधली वेळ प्रसिद्धीची असते. पाणी कधी मोजलं ते मजकुरात शोधावं लागतं, आणि तिसऱ्या बातमीत ते कुठेच नव्हतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. तेव्हापासून आमच्या वहीत तीन रकाने असतात : घडलं कधी, छापलं कधी, आपण वाचलं कधी. फोनवरचा निरोप आला की पोरं पहिला रकाना भरायला जातात. तो बहुतेक वेळा कोराच राहतो.

भूकंपाच्या फीडने मात्र मलाच शिकवलं. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्या घराघरांत अजून सांगितला जातो. पाटणकडे आजोळ असलेला एक मुलगा म्हणाला, "बाई, मामाकडं काल भांडी हलली, ह्यात कुठाय?" नव्हतीच. यूएसजीएस आपल्याकडचे छोटे धक्के सहसा नोंदवत नाही. ते दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीत बघावे लागतात. यादीत नाही म्हणजे घडलंच नाही, असं मीही तोवर धरून चालले होते.

वाचायच्या साधनांबद्दल थोडंच. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या ओळीत वाचन दृश्याचं चिन्ह येतं. ते दाबलं की जाहिराती जातात, अक्षर मोठं होतं. मागच्या बाकांसाठी एवढंही पुष्कळ. मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आवाजाची तर आम्ही परीक्षाच घेतो. आमच्या फोनवरचा तो आवाज 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' एकसारखाच म्हणतो, जनावरांचा चारा हिंदीत जातो, आणि वर्ग हसून त्याला दुरुस्त करतो. दोन 'च' शिकवायला मला याहून चांगला विद्यार्थी मिळालेला नाही.

एक सावधगिरी. गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झालं, नंतर वाचायचे लेख साठवणारं पॉकेट जुलै २०२५ मध्ये. वर्षभराचा पाठ एखाद्या ॲपच्या नावावर बेतू नका. रीडरमधून स्रोतांची यादी ओपीएमएल नावाच्या फाईलमध्ये काढून घेता येते. ती उद्या दुसऱ्या रीडरमध्ये जशीच्या तशी चढते.

आमच्या सहा स्रोतांची ती फाईल मी पेनड्राइव्हवर आणली आहे. चहाच्या वेळी घ्या. पण दुष्काळी जतहून आलेल्या सरांनी पुराच्या बातम्यांचे स्रोत खुशाल काढून टाकावेत. तिथल्या मुलांना म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी कधी सुटणार ते वाचायचं असतं, आणि त्या बातमीतही 'लवकरच' हा शब्द असतो. तोही रकान्यात घालून बघा.