रात्रीची हद्द

(दृश्य : मडगाव, घाऊक मासळी बाजाराचा परिसर. मध्यरात्र.)

मासळीचे ट्रक पहाटे येतील. क्रेट उतरवायला जे हात लागतात ते आत्ता इथेच आडवे झालेत. कुणी पुठ्ठ्यावर, कुणी बंद शटरच्या पायरीवर. उशाला चपला आणि त्यांवर गुंडाळलेला शर्ट. चपला पायाशी ठेवल्या तर सकाळपर्यंत राहत नाहीत. मोबाईल बनियनच्या आत.

खोली का घेत नाहीत? खोलीला आगाऊ रक्कम लागते, कागद लागतात, पोलिसांकडे भाडेकरू पडताळणी लागते. हे सगळं जमवलं तरी परवडणारी खोली मिळते गावाबाहेर, आणि तिथून पहाटे तीनला बाजारात यायला बस नसते. कामाच्या दारात झोपणं हा त्यांचा हिशेब आहे, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

(दृश्य : कदंब बसस्थानक. फलाट, खांब, गस्तीची जीप.)

आता यांच्यावर लक्ष कोण ठेवतं ते पाहू. बाजारात तिथला पर्यवेक्षक, बसस्थानकात राज्याच्या कदंब परिवहन महामंडळाचा पहारेकरी. मडगावचं रेल्वे स्टेशन कोकण रेल्वेचं, वास्कोचं दक्षिण पश्चिम रेल्वेचं. पुलाखालची जागा बांधकाम खात्याची, किनारा पर्यटन खात्याचा, आणि गावाकडची मोकळी जमीन बऱ्याचदा कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची. पहारे भरपूर आहेत. पण प्रत्येक पहारा आपल्या हद्दीपुरता. ‘ऊठ रे, पुढे चल.’ पुढे म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत. माणूस रस्ता ओलांडून गेला की या खात्यापुरतं काम फत्ते.

कारवाई बहुतेक वेळा तक्रारीवर होते. दुकानदार नगरसेवकाला फोन करतो, नगरसेवक पालिकेला. मग गाडी येते. ताडपत्री, पातेली, दोऱ्या, चुलीचे तीन चिरे, सगळं गाडीत. एखाद्या गाठोड्यात आधार कार्ड असतं, तेही जातं. मग तोच माणूस ‘ओळखपत्र नसलेला’ म्हणून पुढच्या गस्तीत सापडतो.

(दृश्य : वास्को, बायणा किनारा. पाऊस.)

कायदा याबाबत मुका नाही. मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितलं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. फुटपाथवर कायमचं राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही. हटवायचं तर रीतसर हटवा, आणि त्या वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पाऊस सरून महिना होईपर्यंत, थांबा, असं बजावलं.

बायण्यातली वस्ती न्यायालयाच्या आदेशानंतर पाडली गेली. तारीख होती १४ जून २००४. गोव्यात जूनच्या मध्याला आभाळ कसं असतं, हे इथे कुणाला सांगायला नको.

(दृश्य : पणजी महानगरपालिकेची इमारत, मग रिकामा जिना.)

हटवलेल्यांनी जायचं कुठे? केंद्राच्या, २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याचं उत्तर लिहिलेलं होतं. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची कायमस्वरूपी निवारा सोय, माणशी पन्नास चौरस फूट जागा, आणि निवारा बाजार, स्टेशन, बसस्थानक यांच्याजवळच, म्हणजे जिथे ही माणसं काम करतात तिथे.

आता गोव्याचा आकडा लावून बघा. २०११ च्या जनगणनेत पणजी सुमारे ४० हजारांची, मडगाव ८७ हजारांच्या आसपास, मुरगाव, म्हणजे वास्कोची पालिका, ९४ हजार. लाखाला एकही पालिका पोहोचत नाही. महानगरांसाठी शिवलेला अंगरखा आहे हा, आपल्याला सैल पडतो. राज्यातले निम्म्याहून जास्त लोक शहरी भागात राहतात, पण ते तेरा नगरपालिका, एक महानगरपालिका आणि कितीतरी शहरासारख्या पंचायतींत वाटले गेलेत. आमच्या मते निवारा पालिकेच्या नावाने न मोजता तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या नावाने मोजला, तरच इथे त्याला अर्थ आहे.

प्रोव्हेदोरियाचे, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक साहाय्य संस्थेचे, वृद्धाश्रम आहेत, पण ते थकलेल्यांसाठी. रात्री क्रेट उचलणाऱ्या तिशीतल्या माणसाला तिथे कोण घेणार? आणि १९७२ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, पण हा माणूस भीक मागतच नाही.

(दृश्य : पुन्हा बाजार. पहिला ट्रक मागे घेतला जातोय.)

राहिली मोजदाद. २०११ मध्ये देशभरातल्या बेघरांची गणना एकाच रात्री झाली, २८ फेब्रुवारीच्या. देशाचा आकडा निघाला १७ लाख ७३ हजार. एका रात्रीच्या मोजणीचा धोका उघड आहे. त्याच आठवड्यात एखाद्या पालिकेने गाडी फिरवली, तर माणसं कुणाच्याच यादीत येत नाहीत.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तेव्हाही पर्यटनाचाच हंगाम असेल आणि किनारे ‘स्वच्छ’ दिसावेत असा आग्रह असेल. निदान त्या आठवड्यात गाड्या डेपोत ठेवा, असं लेखी परिपत्रक राज्यातल्या सगळ्या जिल्हाधिकाऱ्यांनी पालिका, पोलीस आणि रेल्वेला आधीच धाडायला हवं.