दरडीच्या पायथ्याचं घर

श्रोतेहो, नमस्कार. माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं ३० जुलै २०१४ ला. तळिये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला. तिन्ही वेळा जुलैच का? जूनच्या पावसानं डोंगर आधीच भिजलेला असतो. त्यावर झड लागली की पाणी माती-मुरुमातून उतरतं आणि खालच्या कातळावर अडतं. तिथे साचलेल्या पाण्याच्या दाबानं मातीची पकड सुटते.

म्हणून पाण्याला डोंगरात शिरू न देणं, हे पहिलं काम. उतारावर आडवी भेग दिसली तर तिच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोका आणि त्यांतलं अंतर रोज मोजा. भेग चिकणमातीनं ठासून बुजवा, वरच्या अंगाला चर खणून पाणी ओहोळाकडे वळवा. यानं धोका टळत नाही, पाणी शिरणं कमी होतं इतकंच. अंतर वाढत असेल तर तलाठ्याला कळवा आणि घर सोडा. अंगण वाढवायला जेसीबीनं पायथा कापणं तर निव्वळ आत्मघात! घरामागे माती अडवणारी भिंत असेल तर तिच्यातली पाणी निघायची भोकं पावसाआधी मोकळी करा; ती तुंबली की भिंतच ढकलली जाते.

पाऊस घरीच मोजता येतो. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर, झाडापासून लांब ठेवा. सकाळी साडेआठला पट्टीनं मोजा आणि ओता. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. चोवीस तासांत वीस सेंटिमीटरच्या वर गेला, तर तो हवामान खात्याच्या भाषेत अत्यंत मुसळधार. पण आधीच झड लागलेली असेल तर तेवढ्याची वाट पाहू नका. उजेड असतानाच नातेवाइकांकडे किंवा शाळेत मुक्काम हलवा. रात्री धावपळ करणं म्हणजे चिखलात वाट शोधणं.

झरा एकाएकी गढूळला, दार चौकटीत अडकू लागलं, खांब कलले, किंवा भर पावसात ओढ्याचं पाणी अचानक आटलं, तर लगेच निघा. ओढा आटला म्हणजे वर कुठेतरी दरडीनं तो अडवलाय. तो बांध फुटतो. पळताना ओढ्याच्या पात्रातून खाली नको, उताराला आडवं जा. गुरांची दावी आधीच सोडा.

पिशवीत कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, आठवड्याची औषधं, विजेरी, शिट्टी, माणशी तीन लिटर पाणी ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन ११२ हे आकडे दारामागे लिहा. घरात त्या रात्री कोण कोण झोपणार, हे वाडीतल्या एकाला तरी सांगून ठेवा. ढिगारा कुठे उपसायचा, हे बचावपथकाला त्यावरूनच कळतं.