कोवळ्या प्रेमाची कादंबरी आणि आठवड्यांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. शाळा-कॉलेजातलं प्रेम आणि त्यातून अवचित अंगावर आलेलं आई-बापपण, या विषयावर कादंबरी लिहायला घेतलेल्यांसाठी आजचं हे भाषण. यातलं प्रेम बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती मुलीला दिवस गेल्यावर, कारण तिथे हिशेब चुकतो.

डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकते तेव्हाच कागदावर चार आठवडे झालेले असतात. या वयात पाळी अनियमित असू शकते, त्यामुळे मुलीला दोन महिने शंकाही आली नाही, हे वाचकाला पटतं. संबंधानंतर आठवड्याभरात सुरू झालेल्या उलट्या मात्र पटत नाहीत.

समजा, कथा महाराष्ट्रातली आहे, नायिका दहावीत आहे आणि शेवटची पाळी १० जूनला आली. नऊ महिने सात दिवस मिळवा: प्रसूतीची अंदाजे तारीख १७ मार्च, ऐन बोर्डाच्या परीक्षेत! २८ ऑक्टोबरला २० आठवडे भरतात, २५ नोव्हेंबरला २४. या दोन तारखा लेखकाने विसरू नयेत. २० आठवड्यांपर्यंत गर्भपातासाठी एका डॉक्टरचं मत पुरतं. तिथून २४ पर्यंत अल्पवयीन मुलीला गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीने मुभा आहे, पण दोन डॉक्टर लागतात. दोन्ही वेळी पालकाची लेखी संमती हवीच. म्हणजे दिवाळीच्या सुटीत घरात झालेली एकेक दिवसाची टाळाटाळ कथेत फार महाग पडते.

मुलगी १८च्या आतली असेल, तर पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, शरीरसंबंधाला दिलेली तिची संमती मानत नाही, आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. मुलगाही अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केलं. तपासणीच्या खोलीत आई खालच्या आवाजात विचारते, “डॉक्टर, नाव द्यावंच लागेल का हो?” या एका प्रश्नावर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

घाईघाईने लग्न लावून कथा मिटवू नका. मुलीला १८ किंवा मुलाला २१ पूर्ण नसताना लावलेलं लग्न म्हणजे बालविवाह. लावून देणारे गुन्हेगार ठरतात.

बाळ आल्यावर तर खरी कादंबरी सुरू होते. तान्ह्याला दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. पाजणं आईचं, पण ढेकर काढणं, दुपटी धुणं, रात्री दोनला खांद्यावर घेऊन फिरणं कोवळ्या बापाला करता येतं. त्याला ही कामं करताना दाखवा, नुसता पश्चात्ताप करताना नको.

बाळ दत्तक द्यायचं ठरलं, तर बाल कल्याण समितीपुढे रीतसर समर्पण होतं, आणि फेरविचाराला ६० दिवस मिळतात. बहुतेक लेखक सही झाली की प्रकरण संपवतात. मी म्हणेन, सहीनंतरचे ते ६० दिवस सविस्तर लिहा.